पडद्यावरचा बँड आणि पडद्याबाहेरची स्वायत्तता : 'द मंकीज'च्या कारकिर्दीचा पुनर्विचार

प्रास्ताविक

रॉक संगीताच्या समीक्षेत 'अस्सलपणा' हे मूल्य दीर्घकाळ निर्णायक मानले गेले आहे. गीते स्वतः लिहावीत, चाली स्वतः बांधाव्यात आणि ध्वनिमुद्रणात वाद्येही स्वतःच वाजवावीत; या तिन्ही अटी पूर्ण करणारा बँड अस्सल, इतर सारे व्यापारी उत्पादन, अशी ही कसोटी आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती अमेरिकेत रूढ होत असताना तिच्यासमोर जो पहिला मोठा आरोपी उभा करण्यात आला, तो म्हणजे 'द मंकीज' हा बँड. दूरचित्रवाणी मालिकेसाठी निवडलेल्या चार तरुणांचा हा गट होता. मालिका सप्टेंबर १९६६ ते मार्च १९६८ एवढाच काळ चालली. बँडची कारकीर्द मात्र अनेक खंड पडूनही २०२१ पर्यंत सुरू राहिली.

दूरचित्रवाणीने दिलेली कीर्ती ओसरल्यानंतर कलावंतांकडे काय उरते, हा प्रश्न या कारकिर्दीच्या निमित्ताने विचारता येतो. त्याचे नेहमीचे उत्तर असे की, माध्यमाने घडविलेला कलावंत माध्यमाबरोबरच संपतो; आणि न संपल्यास त्याने बंड करून 'खरा' कलावंत होऊन दाखविलेले असते. प्रस्तुत लेखात ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरविली आहेत. 'मंकीज'च्या वाटचालीतून स्वायत्ततेची वेगळी व्याख्या हाती येते. सर्व काही स्वतः करणे म्हणजे स्वायत्तता नव्हे. काय करायचे आणि कोणाच्या साह्याने करायचे, हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे स्वायत्तता. ही व्याख्या स्वीकारली तर या बँडचे मूल्यमापन तर बदलतेच, शिवाय माध्यमनिर्मित कलेकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलते.

मालिकेची जडणघडण आणि श्रमविभागणी

बॉब राफेलसन आणि बर्ट श्नायडर या दोन तरुण निर्मात्यांना एका धडपडणाऱ्या बँडविषयी विनोदी मालिका करावयाची होती. बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' (१९६४) हा चित्रपट त्यांच्यासमोर होता. सप्टेंबर १९६५ मध्ये चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकांत जाहिरात देण्यात आली आणि चारशेहून अधिक उमेदवारांतून निवड झाली. निवडलेल्या चौघांची पार्श्वभूमी ध्यानात घेण्यासारखी आहे. मँचेस्टरचे डेव्ही जोन्स रंगभूमीवरचे नट होते. मिकी डोलेंझ यांनी बालकलाकार म्हणून 'सर्कस बॉय' या मालिकेत प्रमुख भूमिका केली होती. टेक्ससचे मायकेल नेस्मिथ स्वतः गीते रचत, तर पीटर टॉर्क न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधील लोकसंगीताच्या वर्तुळातून आलेले बहुवाद्यवादक होते. म्हणजे चौघांपैकी दोघे मुळात अभिनेते आणि दोघे मुळात संगीतकार होते. 'मंकीज'ना वाजविता येत नव्हते हा समज पुढे दृढ झाला. परंतु निवडीच्या क्षणापासूनच तो अर्धसत्य होता.

मालिकेच्या संगीताची सूत्रे संगीत-प्रकाशक डॉन कर्शनर यांच्या हाती होती. आठवड्याला एक भाग आणि त्यात नवी गीते, हे वेळापत्रक सांभाळण्यासाठी कर्शनर यांनी व्यावसायिक गीतकारांची गीते घेतली आणि स्टुडिओत मानधनावर वाजविणारे निष्णात वादक नेमले. चौघांनी केवळ गायचे, असा शिरस्ता ठरला. टॉमी बॉइस व बॉबी हार्ट या जोडीचे 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल' आणि नील डायमंड यांचे 'आय अ‍ॅम अ बिलीव्हर' ही गीते या व्यवस्थेतूनच आली. दोन्ही अमेरिकन विक्रीक्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली. पहिला अल्बम १३ आठवडे आणि लगोलग दुसरा अल्बम १८ आठवडे अग्रस्थानी राहिला. केवळ व्यापारी दृष्टीने पाहिल्यास या व्यवस्थेत बदल करण्याचे काहीच कारण नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. स्टुडिओतील वादकांचा वापर हा त्या काळात अपवाद नव्हता. 'द बर्ड्स' या प्रतिष्ठित बँडच्या 'मिस्टर टँबरिन मॅन' (१९६५) या गीताच्या ध्वनिमुद्रणात बँडपैकी एकट्या रॉजर मॅग्विन यांनी वाद्य वाजविले होते. 'द बीच बॉइज'च्या 'पेट साउंड्स' (१९६६) या अल्बममधील बहुतेक वादन लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक वादकांचे आहे. तरीही या दोन बँडच्या अस्सलपणावर कोणी खटला भरला नाही. 'मंकीज'वर तो भरला गेला, याचे कारण त्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत शोधता येत नाही. ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शोधावे लागते. पडद्यावर हे चौघे वाद्ये वाजविताना दिसत आणि प्रत्यक्षात ध्वनिमुद्रिकेवर दुसरेच वादक असत. इतरांच्या बाबतीत स्टुडिओच्या भिंतीआड राहिलेली श्रमविभागणी येथे दर आठवड्याला लाखो घरांत उघड विसंगती होऊन दिसत होती.

१९६७ चा संघर्ष

दुसरा अल्बम जानेवारी १९६७ मध्ये बाजारात आला. त्यात कोणती गीते घ्यावयाची हे चौघांना विचारलेही गेले नव्हते. याच सुमारास नेस्मिथ यांनी वृत्तपत्रीय मुलाखतीत ध्वनिमुद्रिकांवर आपण वाजवीत नाही, हे उघडपणे सांगितले. त्याचा दुहेरी परिणाम झाला. निर्मात्यांवर दबाव आला आणि त्याच वेळी टीकाकारांना आयते शस्त्र मिळाले. ज्यांनी फसवणूक उघड केली त्यांच्याच माथी फसवणुकीचा शिक्का बसला, हा या प्रकरणातील मोठा विरोधाभास होय.

फेब्रुवारी १९६७ मध्ये, संमतीवाचून एक ध्वनिमुद्रिका प्रसृत केल्याच्या वादातून कर्शनर यांना दूर करण्यात आले. त्यानंतर त्यांनी काय केले हे उद्बोधक आहे. त्यांनी 'द आर्चीज' या व्यंगचित्रमालिकेचे संगीत हाती घेतले आणि त्या काल्पनिक बँडच्या नावे निघालेले 'शुगर, शुगर' हे गीत १९६९ मध्ये अग्रस्थानी गेले. व्यंगचित्रातील पात्रे वाद्य मागत नाहीत, करार वाचत नाहीत आणि मुलाखतीही देत नाहीत. माध्यमव्यवस्थेला कलावंताकडून नेमके काय हवे असते, याचे इतके निःसंदिग्ध उत्तर क्वचितच मिळते.

मात्र या संघर्षाकडे 'कलावंत विरुद्ध बाजार' असे सरळ नाट्य म्हणून पाहणे योग्य होणार नाही. कर्शनर यांची गीतांची निवड वाईट नव्हती. आजही लोकांच्या ओठांवर असलेली 'मंकीज'ची अनेक गीते त्यांच्याच काळातील आहेत. चौघांचा आक्षेप गीतांच्या दर्जापेक्षा निर्णयप्रक्रियेवर होता. ज्या नावाने ध्वनिमुद्रिका विकली जाते, त्या नावाच्या माणसांना तिच्याविषयी काहीच बोलता येऊ नये, ही स्थिती त्यांना मान्य नव्हती.

'हेडक्वार्टर्स' आणि त्यानंतर

मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'हेडक्वार्टर्स' हा या संघर्षाचा पहिला निष्कर्ष. चिप डग्लस या तरुण संगीतकाराला चौघांनी निर्माता म्हणून निवडले आणि वादनाची मुख्य जबाबदारी स्वतःकडे घेतली. डोलेंझ यांनी मालिकेतील भूमिकेसाठी ड्रम हाती घेतले होते. डिसेंबर १९६६ पासून ते जाहीर मैफलींतही वाजवू लागले होते. अल्बमचे वादन निष्णात नाही. त्यात थोडी ओबडधोबड चाल आहे, काही ठिकाणी लयीची पकड सैल होते. पण एकमेकांकडे कान देऊन वाजविणाऱ्या चार माणसांची खोली त्यातून ऐकू येते. आधीच्या दोन अल्बममधील गुळगुळीत पूर्णता येथे नाही आणि त्या पूर्णतेतील परकेपणाही नाही. अल्बम एक आठवडा अग्रस्थानी राहिला. पुढच्याच आठवड्यात बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'ने ती जागा घेतली आणि 'हेडक्वार्टर्स' दीर्घकाळ तिच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर थांबला.

'अस्सलपणा'च्या कसोटीनुसार कथा येथेच पूर्ण व्हावयास हवी होती. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील 'पायसीस, अक्वेरियस, कॅप्रिकॉर्न अँड जोन्स लिमिटेड' या अल्बमसाठी बँडने स्टुडिओतील वादकांना पुन्हा बोलाविले. अनेक समीक्षकांनी याचा अर्थ माघार असा लावला. वस्तुतः फरक मूलभूत होता. या वेळी वादक बँडने आणि बँडच्या पसंतीच्या निर्मात्याने निवडले होते. हॅरी निल्सन या त्या वेळी बँकेत नोकरी करणाऱ्या अपरिचित गीतकाराचे गीत त्यांनी घेतले. मूग सिंथेसायझर या नव्या वाद्याचा उपयोग केला. रॉक अल्बमांतील त्याच्या सुरुवातीच्या वापरांपैकी हा एक होय. स्वतः वाजविण्याचा हक्क मिळविल्यावर तो न बजावण्याची मुभाही त्यांना प्राप्त झाली. बाहेरून पाहता जानेवारीचा अल्बम आणि नोव्हेंबरचा अल्बम एकाच पद्धतीने तयार झालेले वाटतात. पण पहिल्यात पद्धत लादलेली आहे, दुसऱ्यात ती निवडलेली आहे.

त्यानंतरचा टप्पा या विवेचनाला एक मर्यादा घालतो. एप्रिल १९६८ मध्ये आलेल्या 'द बर्ड्स, द बीज अँड द मंकीज' या अल्बममध्ये प्रत्येकाने बव्हंशी स्वतंत्रपणे, आपापल्या वादकांसह ध्वनिमुद्रण केले. निर्णयाचे स्वातंत्र्य पूर्वीपेक्षा अधिक होते, परंतु ते चौघांचे एकत्र स्वातंत्र्य नव्हते. परिणामी अल्बममध्ये चार व्यक्ती सापडतात, बँड सापडत नाही. यावरून असे म्हणता येईल की, बँडच्या संदर्भात स्वायत्तता ही सामुदायिक वस्तू आहे. तिची वाटणी केली की ती उरत नाही.

मालिकेचा अस्त आणि 'हेड'

मार्च १९६८ मध्ये मालिका संपली. एकूण ५८ भाग झाले होते आणि पहिल्या पर्वाला १९६७ मध्ये उत्कृष्ट विनोदी मालिकेचे एमी पारितोषिकही मिळाले होते. नोव्हेंबर १९६८ मध्ये राफेलसन यांनी दिग्दर्शित केलेला 'हेड' हा चित्रपट प्रदर्शित झाला. राफेलसन यांच्यासह पटकथा लिहिणारे होते जॅक निकल्सन. दूरचित्रवाणीने निर्माण केलेल्या प्रतिमेचे इतके निर्दय विच्छेदन त्या प्रतिमेच्या मालकांनीच करावे, हे विरळा आहे. चित्रपटाला सलग कथानक नाही. चौघे एका दृश्यातून निसटतात आणि दुसऱ्या दृश्यात अडकतात. एका काळ्या पेटीत ते पुनःपुन्हा बंद होतात. एका जाहिरातीच्या चित्रीकरणात तर ते व्हिक्टर मॅच्युअर या नटाच्या केसांतील कोंडा होतात. अखेरीस चौघेही पुलावरून पाण्यात उडी घेतात. परंतु मुक्त होण्याऐवजी एका टाकीत सापडतात आणि ती टाकी वाहनावर घालून नेली जाते.

हा शेवट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. माध्यमातून बाहेर पडण्याची कृतीही माध्यमाच्याच चौकटीत चित्रित होते, हे भान त्यात आहे. किशोरवयीन प्रेक्षकांना हा चित्रपट कळला नाही आणि ज्यांना कळला असता असे प्रौढ प्रेक्षक 'मंकीज'च्या नावाने तिकीट काढावयास तयार नव्हते. चित्रपट पडला. निर्मात्यांचा मार्ग मात्र वेगळा झाला. मालिकेच्या यशातून उभी राहिलेली त्यांची संस्था 'ईझी रायडर' (१९६९) आणि 'फाइव्ह ईझी पीसेस' (१९७०) या चित्रपटांपर्यंत पोहोचली आणि नव्या अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासात मानाने नोंदली गेली. एकाच मुळातून निघालेल्या दोन शाखांपैकी निर्मात्यांची शाखा 'कला' ठरली आणि कलावंतांची 'कृत्रिम' ठरली. ही विषमता कोणत्याही सौंदर्यनिकषाने समर्थनीय ठरत नाही.

१९६८ च्या अखेरीस टॉर्क बँडमधून बाहेर पडले आणि १९७० मध्ये नेस्मिथ गेले. त्याच वर्षी डोलेंझ व जोन्स या दोघांच्या नावाने निघालेल्या 'चेंजेस' या अल्बमबरोबर पहिले पर्व संपले.

पुनःप्रक्षेपण आणि दुसरे आयुष्य

बँड थांबला, मालिका थांबली नाही. १९६९ पासून शनिवारी आणि पुढे स्थानिक वाहिन्यांवर तिचे पुनःप्रक्षेपण होत राहिले. फेब्रुवारी १९८६ मध्ये एमटीव्ही या वाहिनीने मालिकेचे भाग सलग दाखविले. त्यातून नवी पिढी या बँडकडे आली. जुने अल्बम पुन्हा विक्रीक्रमवारीत शिरले आणि टॉर्क, डोलेंझ व जोन्स यांच्या पुनर्मीलनाच्या दौऱ्याला मोठी गर्दी झाली.

यात एक गुंतागुंतीचा योग आहे. एमटीव्ही या वाहिनीच्या कल्पनेमागे 'पॉपक्लिप्स' या १९८० च्या कार्यक्रमाची प्रेरणा होती आणि तो कार्यक्रम नेस्मिथ यांनी सुरू केला होता. त्यांच्या 'एलिफंट पार्ट्स' (१९८१) या दृश्यफितीला ग्रॅमी पुरस्कारांतील 'व्हिडिओ ऑफ द इयर'चा पहिलाच सन्मान मिळाला. म्हणजे दूरचित्रवाणीने ज्याला घडविले, असे मानले जात होते, त्याने दूरचित्रवाणीचा एक नवा प्रकार घडविण्यास हातभार लावला. आणि त्या प्रकाराने उलट त्याच्याच जुन्या बँडला पुनर्जन्म दिला. माध्यम आणि कलावंत यांचे नाते केवळ शोषक आणि शोषिताचे असते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावयास हवे.

दोन अल्बम, एक कसोटी

स्वायत्ततेविषयीच्या आपल्या व्याख्येची खरी परीक्षा बँडच्या उत्तरार्धातील दोन अल्बममध्ये होते. १९९६ च्या 'जस्टस'साठी चौघे एकत्र आले. शीर्षकातच 'केवळ आम्ही' असा श्लेष आहे आणि तो अक्षरशः पाळला गेला. गीते चौघांचीच, वादन चौघांचेच, निर्मितीही त्यांचीच. अस्सलपणाच्या पारंपरिक कसोटीवर हा 'मंकीज'चा सर्वांत शुद्ध अल्बम आहे. तरीही तो ऐकताना एखादा दावा सिद्ध करण्याची धडपड जाणवते. तीस वर्षांपूर्वीच्या टीकाकारांना दिलेले ते उत्तर आहे. श्रोत्याशी संवाद त्यात कमी आहे. लोकांनीही त्याची फारशी दखल घेतली नाही.

याउलट २०१६ चा 'गुड टाइम्स!' हा अल्बम. निर्माते अ‍ॅडम श्लेसिंजर होते. रिव्हर्स कुओमो, बेन गिबर्ड, अँडी पार्ट्रिज, तसेच नोएल गॅलघर व पॉल वेलर यांची गीते त्यात होती. हे बहुतेक स्वतंत्र बाण्याचे म्हणून ओळखले जाणारे गीतकार. ते आता एकेकाळच्या 'कृत्रिम' बँडसाठी लिहीत होते. नेस्मिथ व टॉर्क यांचीही स्वतःची गीते होती. जोन्स यांचे निधन २९ फेब्रुवारी २०१२ रोजी झाले होते. त्यांचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रणातून घेण्यात आला. अल्बमची रचना तत्त्वतः १९६६ चीच होती : बाहेरचे गीतकार, बाहेरचा निर्माता, साहाय्यक वादक. अल्बम अमेरिकेत चौदाव्या स्थानापर्यंत पोहोचला आणि समीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. गिबर्ड यांच्या 'मी अँड मॅग्डालेना' या गीतात नेस्मिथ व डोलेंझ यांचे वयोवृद्ध स्वर ज्या संयमाने एकमेकांत मिसळतात, ते दुसऱ्याने लिहिलेले आहे म्हणून उणे ठरत नाही.

या यशाचे श्रेय स्मरणरंजनाला देता येईल, असा आक्षेप संभवतो. परंतु केवळ स्मरणरंजन पुरेसे असते, तर ते ऐन भरात असताना, १९८७ मध्ये, आलेला 'पूल इट!' हा अल्बम विस्मरणात गेला नसता आणि चौघे एकत्र आलेला 'जस्टस'ही दुर्लक्षित राहिला नसता. फरक पडला तो सहकाऱ्यांची निवड आणि त्या सहकार्याविषयीचा निःशंकपणा यांमुळे. २०१६ मध्ये बँडला काही सिद्ध करावयाचे नव्हते.

समारोप

टॉर्क यांचे निधन २१ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. नेस्मिथ व डोलेंझ यांनी निरोपाचा दौरा १४ नोव्हेंबर २०२१ रोजी लॉस एंजेलिस येथे संपविला आणि त्यानंतर महिन्याच्या आतच, १० डिसेंबर रोजी, नेस्मिथ निवर्तले. चौघांपैकी डोलेंझ एकटे उरले.

या पंचावन्न वर्षांच्या वाटचालीतून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, दूरचित्रवाणीची कीर्ती कलावंताला संपवितेच असे नाही. परंतु ती त्याच्यावर एक ऋण ठेवते आणि पुढील प्रत्येक कृती त्या ऋणाच्या हिशेबात मोजली जाते. 'हेडक्वार्टर्स', 'हेड' आणि 'जस्टस' ही त्या ऋणाची फेड होती. दुसरा असा की, फेड करण्याच्या भरात निर्माण झालेली कला आणि ऋणाचे ओझे उतरल्यावर निर्माण झालेली कला यांत फरक असतो. तिसरा निष्कर्ष समीक्षेविषयीचा आहे. कोणी लिहिले आणि कोणी वाजविले हा प्रश्न माहितीच्या दृष्टीने आवश्यक आहे. मूल्यनिर्णयासाठी तो पुरेसा नाही. कवी, संगीतकार आणि गायक हे तिघे वेगळे असूनही भावगीत एकसंध असू शकते, हे ज्या रसिकाला अनुभवाने ठाऊक आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.

माध्यमांतून एका हंगामात प्रसिद्ध होणाऱ्या तरुण कलावंतांची संख्या आज मोठी आहे. त्यांच्याविषयी लिहिताना ते 'खरे' की 'बनावट' हा प्रश्न आपण घाईने विचारतो. त्याऐवजी, त्यांच्या नावाने जे विकले जाते त्याविषयी 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे काय, हे आधी विचारावयास हवे. 'मंकीज'नी तो अधिकार १९६७ मध्ये मिळविला आणि त्यासाठी प्रतिष्ठेचे मोल दिले. त्या अधिकाराचा सर्वांत परिपक्व उपयोग त्यांनी जवळजवळ अर्धशतकानंतर, दुसऱ्यांची गीते आपलेपणाने गाऊन केला.